अश्रुमाता आणि गरम पाण्याची बादली

मागच्या दाराशी रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती. कुणाकडे खोकल्याच्या औषधाची, कुणाकडे अत्तराची. बेकरीवाल्याने तर व्हिनेगरची मोठी बाटली धुऊन आणली होती. एवढी कशाला, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, मागायचंच आहे तर लाजायचं कशाला. रांगेचं पुढचं टोक माझ्या मामीच्या साबणाच्या खोलीत होतं. तिथे, मामाच्या दुकानातल्या घड्याळांच्या बिनझाकणाच्या काचपेटीत, मखमलीच्या तुकड्यावर साबणाची एक वडी उभी होती. ती वडी रडत होती.

रडत होती हे मी नाकारत नाही. तिच्या पिवळट अंगावर मधोमध एक गडद लंबगोल होता, त्यात दोन खळगे, आणि त्या खळग्यांतून थेंब ओघळत होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला चेहरा दिसायचा. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला ओळखीचा चेहरा दिसायचा. समोरच्या शिंपीणबाईंना त्यात आपल्या वारलेल्या सासूबाई दिसल्या होत्या. "पण त्या जिवंतपणी कधी रडल्या नाहीत हो," असंही त्याच सांगायच्या. "त्यांचं काम रडवायचं."

काचपेटीशेजारी पाटावर निर्मळानंद महाराज बसलेले असत. गल्लीने त्यांना फेसमहाराज करून टाकलं होतं. त्यांची दाढी पांढरी, भरघोस आणि एका गालावर जरा जास्तच होती. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यात उठून आलेला माणूस दिसावा तशी. त्यांच्या एका बाजूला दानपेटी आणि दुसऱ्या बाजूला शेगडीवर किटली. किटलीत कसलासा पाला उकळत असे, तिच्या वाफेला ते मातेचा श्वास म्हणत. मातेला वारा सोसत नाही म्हणून खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद.

"माता का रडते?" ते विचारत, आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत. "जगाचा मळ बघून रडते. मळ दोन प्रकारचा. एक अंगावरचा, दुसरा डोळ्यावरचा. डोळ्यावरच्या मळाला डॉक्टर लोक मोतीबिंदू म्हणतात. आता मला सांगा, मळ कापून काढतात की धुऊन?"

"धुऊन," रांग म्हणायची.

"मग डोळा कशाला कापायचा?"

या प्रश्नावर माझा मामा पुरता विरघळला.

मामा घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागच्या खोलीत मामीचा साबण, मधे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. ज्या उजव्या डोळ्याला तो भिंग लावतो त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. अलीकडेच त्याने एका बाईंच्या घड्याळात तासकाट्याच्या जागी मिनिटकाटा बसवला आणि त्या बाई भावाच्या लग्नाला जेवणं आटोपल्यावर पोहोचल्या. शेवटी मामीने त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेसाठी येत्या गुरुवारची तारीख दिली. त्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी, महाराजांनी ‘महारुदन’ जाहीर केलं. त्या दिवशीचे अश्रू डोळ्यात घातले की मोतीबिंदू मुळासकट जाणार. मामाने मामीला सांगून टाकलं की दवाखान्यात फोन कर आणि गुरुवारचं रद्द कर. मामी म्हणाली, बुधवार होऊ दे, मग बघते.

आता ही माता आली कुठून, तेही सांगायला हवं, कारण ती माझ्यासमोर जन्मली.

मामी साबण हाताने करते. घाण्यावरचं खोबरेल आणि सूर्यफुलाचं तेल, रंगाला माती, अंग घासायला कॉफीच्या दुकानातून उरलेला चोथा. पामतेल ती घरात येऊ देत नाही. त्याच्यापायी जंगलं कापतात, असं ती गिऱ्हाइकांना इतक्या तळमळीने सांगते की काही जण साबण न घेताच हळहळत परत जातात. साचे म्हणजे दुधाचे रिकामे खोके. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून ती तो तेलात ओतते, विजेच्या रवीने घुसळते आणि कस्टर्डसारखं दाट झालं की खोक्यात भरून वर गोधडी घालते. आत तेल आणि सोडा एकमेकांशी झगडतात, त्या झगड्यात उष्णता सुटते. गोधडी पुरेशी जाड असेल तर खोका सगळीकडून सारखा तापतो. पण मामीने त्या दिवशी गोधडी धुवायला टाकली होती, म्हणून एक टॉवेल गुंडाळला. मध्यभाग तापला, कडा गार राहिल्या. तापलेला भाग गडद झाला आणि कडा फिक्या. वडी कापल्यावर मधे लंबगोल उमटला. रवी तिरकी धरल्याने हवेचे बुडबुडेही अडकले होते. ते कापले गेले, झाले डोळे.

मामीच्या लेखी हा बिघडलेला घाणा होता. तिने सगळ्या वड्या फडक्यात बांधून कपाटात टाकल्या. एकच फळीवर विसरली, ती शिंपीणबाईंनी पाहिली आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांनी बेकरीवाल्याला सांगितलं, बेकरीवाल्याने पावाबरोबर घरोघर पोहोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी महाराज पिशवी घेऊन हजर. मातेने स्वप्नात पत्ता दिला म्हणाले. गल्लीचं वळण मात्र चुकलं होतं, ते बेकरीवाल्याला विचारावं लागलं.

वडी त्यांच्या ताब्यात आली आणि त्याच संध्याकाळी रडू लागली.

मामीला या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ती चिडली होती. दारात एवढी माणसं येत होती आणि साबण कुणी विकत घेत नव्हतं. शिवाय तिच्या मते रडणारा साबण ही सरळसरळ बदनामी होती. "पाणी सुटतंय म्हणजे नीट झाला नाही," ती मला म्हणाली. "उद्या लोक म्हणतील, हिच्या हातचं सगळंच गळतं."

ते अश्रू बाटल्यांत भरण्याइतके अर्थातच नव्हते. त्यावर महाराजांकडे तोडगा होता. रोज संध्याकाळी ते मातेला एका पातेल्यात बुडवून चांगली चोळून काढत. याला ते अश्रूंचा विस्तार म्हणत. म्हणजे साबणाचं पाणी. आमच्या गल्लीतली शहाणी माणसं साबणाचं पाणी बाटलीत भरून नेत होती आणि डोळ्यात घालत होती. डोळे झोंबायचे, घळाघळा वाहायचे. महाराज म्हणत, "वाहतंय ना? मळ वितळून बाहेर पडतोय. झोंबतंय ना? मुळं सुटताहेत." शिंपीणबाईंच्या डोळ्यांतून इतका मळ बाहेर पडला की त्यांना सुई ओवता येईना.

साबण मुरला की नाही ते तपासायला मामीकडे कागदाच्या पट्ट्या असतात, क्षार जितका तीव्र तितक्या त्या निळ्या होतात. त्यातली एक मी त्या पाण्यात बुडवली. ती जेवढी निळी व्हायला नको तेवढी निळी झाली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की हे पाणी मामाच्या डोळ्यात घातलं तर बुबुळाला जखम होईल, आणि मग मला शस्त्रक्रिया करताच येणार नाही. शिंपीणबाईंना आजच्या आज पाठव. त्यांना मी अक्षरशः हाताला धरून नेलं.

मामाला सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. तो म्हणाला, "शास्त्रज्ञबाई, कागद निळा होतो म्हणून माणूस आंधळा होत नाही."

मग मी महाराजांकडे गेले आणि म्हणाले, मला मातेजवळ एकटीला बसू द्या, नीट बघायचंय. ते इतक्या चटकन कबूल झाले की मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. दुपारी ते जेवायला गेले. मी काटेकोरपणे काम करायचं ठरवलं. उजेड हवा म्हणून खिडक्या उघडल्या, वडीवर वाफेचे थेंब पडतात की काय ही शंका नको म्हणून शेगडी विझवली, घाम गळून भलतंच काही व्हायला नको म्हणून पंखा लावला. बाहेर कडक, कोरडं ऊन होतं. वडी काचपेटीतून बाहेर काढून मी भिंग घेऊन बसले. वडीवरचं पाणी हळूहळू कमी झालं आणि मग ती ठणठणीत कोरडी पडली.

दारात गल्ली जमली होती. महाराज सुपारी चघळत आले, वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत दयाळू आवाजात म्हणाले, "पोरी, माता भक्तांपुढे रडते. तुझ्यापुढे रडून काय उपयोग?"

लोक हसले. मामा सगळ्यांत जास्त हसला. संध्याकाळी खिडक्या बंद झाल्या, किटली उकळू लागली, खोली माणसांनी गच्च भरली आणि माता धो धो रडली. गर्दी जितकी जास्त तितके अश्रू जास्त. महाराजांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं.

मी दुकानात जाऊन बसले. मामाच्या भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे, त्यात वेळेखाली आणखी एक तबकडी आहे. हवेत ओलावा किती ते तिचा काटा दाखवतो. दुपारी मी जाताना तो काटा डावीकडे होता. आता उजवीकडे झुकला होता. मधलं दार उघडं होतं आणि मागच्या खोलीतली सगळी वाफ, सगळ्या भक्तांचे सगळे उसासे पुढे येत होते. मी काट्याकडे बघत राहिले आणि मला स्वतःचाच राग आला. काटेकोरपणाच्या नादात जे तपासायचं तेच मी पंख्याने उडवून लावलं होतं.

तेल आणि सोड्यापासून साबण होतो तेव्हा ग्लिसरीनही तयार होतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेक वेळा वेगळं काढून विकतात. मामीच्या साबणात ते राहतं, म्हणून तो हाताला मऊ लागतो. आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. कोंदट खोलीत त्याच्या अंगावर दव जमतं. खळगे असतील तर दव तिथे साचतं आणि ओघळतं. बंद खोलीत माणसं जितकी जास्त, तितके श्वास, तितका घाम, तितका ओलावा. माता खरोखरच भक्तांपुढे रडत होती. फक्त भक्तीऐवजी त्यांचा दमटपणा तिला पोहोचत होता.

हे मी मामाला त्याच वेळी सांगितलं असतं तर त्याने आणखी एक टोमणा मारला असता. म्हणून मी फक्त विचारलं, बुधवारी तू परीक्षक होशील का. मामाला परीक्षक व्हायला आवडतं.

बुधवारी रांग बेकरीच्या पुढे गेली होती. महाराजांनी दाढी विंचरली होती, त्यामुळे ती आणखीच एका बाजूला गेली होती. मामा स्वच्छ सदरा घालून पुढे बसला होता, हातात ड्रॉपर. मी सगळ्यांसमोर महाराजांना विचारलं, माता भक्तीने रडते, हे नक्की ना? नक्की, ते म्हणाले. आणि भक्त नसेल तिथे रडत नाही? थेंबभरही नाही, ते म्हणाले. मग तिची एक बहीण आहे, मी म्हणाले, तिलाही संधी द्यायला हरकत नसावी.

मामीने कपाटातलं गाठोडं आणून सोडलं. त्याच खोक्यातल्या साऱ्या वड्या रांगेने मांडल्या. प्रत्येकीत तोच गडद लंबगोल. कुणाला एक डोळा, कुणाला चार, एकीला कपाळावर नाक. एका डोळ्याला पट्टी लावलेल्या शिंपीणबाई दुसऱ्या डोळ्याने वाकून बघत राहिल्या.

"एवढ्या सासवा," त्या हळूच म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज म्हणाले की ही मातेची अनेक रूपं आहेत. मी म्हणाले, मग बरंच झालं.

मातेला कोरडं पुसून एका काचेच्या बरणीत ठेवलं. बरणीच्या तळाशी मी नव्या घड्याळांच्या डब्यांत येणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या भरल्या होत्या. काटे गंजू नयेत म्हणून त्या डब्यातला ओलावा शोषून घेतात. मामाच्या खणात त्यांचा ढीग असतो, कारण तो काहीही टाकून देत नाही. झाकण घट्ट लावलं आणि बरणी भक्तांच्या मधोमध ठेवली. दुसरी वडी, चार डोळ्यांची, तशीच पुसून न्हाणीघरात स्टुलावर ठेवली. तिच्या समोर गरम पाण्याची बादली. न्हाणीघरात भक्त नाही, महाराज नाहीत, कुणीच नाही. मामाने स्वतः आत डोकावून खात्री केली, बादलीखाली कुणी लपलंय का तेही पाहिलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

महाराजांनी महारुदन सुरू केलं. लोकांनी हात जोडले. किटली उकळली, खिडक्यांच्या काचांवरून पाणी उतरू लागलं, बेकरीवाल्याच्या चष्म्यावर धुकं चढलं. मातेचा गाल कोरडा. महाराजांनी आवाज चढवला. लोकांनीही चढवला. शिंपीणबाई तर खरंच रडल्या, पण माता काही केल्या रडेना. महाराज म्हणाले, बरणीत तिचा जीव गुदमरतोय. मामी म्हणाली, साबणाला जीव नसतो, तो मी केलाय.

मग मामाने न्हाणीघराची कडी काढली.

चार डोळ्यांची ती वडी चारही डोळ्यांनी गळत होती. कपाळावर दव, गालांवर दव, स्टुलावर छोटं तळं. मामाने ती दोन बोटांत उचलून बाहेर आणली, डाव्या डोळ्याला भिंग लावून पाहिली, मग बरणीतली पाहिली, मग परत न्हाणीघरात जाऊन बादलीकडे पाहिलं.

"हिच्यासमोर कोण बसलं होतं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"बादली," मामा म्हणाला.

"फार भाविक दिसते."

हसण्याचा असा लोंढा आला की महाराजांचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. ते बहुधा बादलीच्या पूर्वजन्माबद्दल होतं. हसणं ओसरल्यावर मी ग्लिसरीनचं सांगितलं, गोधडीचं आणि बुडबुड्यांचं सांगितलं, खिडक्या का बंद असायच्या ते सांगितलं. लोक ऐकत होते. एकाने उठून खिडकी उघडली आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

पण महाराज इतक्यात हार मानणारे नव्हते. रडणं राहू द्या, ते म्हणाले, डोळ्यांचं काय? इतक्यांच्या डोळ्यांतून मळ गेला, तो खोटा? मी पातेल्यातलं पाणी ड्रॉपरमध्ये घेतलं आणि म्हणाले, आधी तुम्ही घाला. ते मागे सरकले. म्हणाले, माझी दृष्टी आधीच निर्मळ आहे, तिला गरज नाही. मामी म्हणाली, मग दाढीत काल खाल्लेल्या केकचा तुकडा आहे, तो निर्मळ दृष्टीला दिसत नाही का. महाराजांनी दाढी चाचपली. तिथेच त्यांचं राज्य संपलं. किटली थंड होण्याची वाट न बघता ती उचलायला गेले, हात भाजला, आणि पिशवी छातीशी धरून निघाले. दानपेटी शिंपीणबाईंनी अडवून ठेवली. डोळ्याच्या औषधाला लागेल म्हणाल्या.

लोक बाटल्या मोरीत रिकाम्या करून पांगले. मामा मात्र तिथेच बसला होता. माझ्या हातातला ड्रॉपर त्याने परत मागून घेतला होता आणि तो बोटांत फिरवत होता. क्षणभर मला वाटलं की हा अजूनही घालणार.

"मामा, तुला कळलं ना सगळं?" मी विचारलं.

"घड्याळजी आहे मी. वस्तू कशी चालते ते मला कळतं." तो ड्रॉपरकडे बघत राहिला. "ते मला परवाच कळलं होतं. तू तबकडीकडे बघत बसलीस तेव्हा."

"मग?"

"मग काय. उद्या डोळ्यात पातं घालणार आहेत. मी जन्मभर दुसऱ्यांच्या बारीक वस्तू उघडून बसतो. त्यातल्या किती नंतर चालत नाहीत ते मला माहीत आहे."

मामी भांडी आवरत होती, ती थांबली. "अहो, मग हे आधी का नाही बोललात?"

"काय बोलू? भीती वाटते म्हणू?"

"हो. तेवढंच म्हणायचं होतं." ती त्याच्याशेजारी महाराजांच्या रिकाम्या पाटावर बसली आणि त्याच्या हातातून ड्रॉपर काढून घेतला. "मी येते बरोबर. दारापर्यंत येऊ देतात. आणि हिला घेऊ, ती डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडेल, तुमच्याकडे लक्ष द्यायला त्यांना वेळच मिळणार नाही."

गुरुवारी मी खरंच खूप प्रश्न विचारले. डॉक्टरीणबाईंनी गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात ते कागदावर काढून दाखवलं. मामाने ते चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, नवं भिंग कुठल्या कंपनीचं. मग तो आत गेला. मामी दारापर्यंत गेली. मी बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता थांबले.

पट्टी निघाली त्या दिवशी तो घरात हिंडून एकेक वस्तू बघत होता. पिकलेला मोतीबिंदू सगळ्यावर पिवळट झाक चढवतो, ती गेली होती. ही भिंत पांढरी आहे हे मला कुणी सांगितलं का नाही, म्हणाला. मग तो मामीसमोर येऊन थबकला.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"महाराज होते तेव्हा," मामी म्हणाली.

तर वाचकहो, गळणाऱ्या साबणामागे ग्लिसरीन असतं हे विसरलात तरी चालेल. कुणी बरं करायचं आश्वासन दिलं, तर ते आधी स्वतःवर करून दाखवायला सांगा. आवाज चढला म्हणून म्हणणं खरं होत नाही, आणि गर्दीतल्या प्रत्येकाने स्वतः तपासलेलं असतं असंही नाही. डोळ्याचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाही न भिता प्रश्न विचारा, कारण उत्तरं देणं त्यांचं कामच आहे. आणि दवाखान्याची भीती वाटत असेल, तर ती घरात मोठ्याने सांगून टाका. ती झाकायला एखादा महाराज शोधू नका. बरोबर यायला घरातलं कुणीतरी चप्पल घालून तयार असतं.